परिचय करून द्यायचा होता बाईंचा

मला दोन मिनिटं दिली होती आणि मी अकरा मिनिटं बोललो. तेही ज्या बाईंचा परिचय करून द्यायचा होता त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या नवऱ्याबद्दल. त्यांचं बालपण, त्यांची आंदोलनं, दिल्लीतली कारकीर्द, सगळं घेतलं. बाईंसाठी शेवटी एकच वाक्य उरलं, "अशा थोर नेत्यामागे खंबीरपणे उभ्या असलेल्या..." तेवढ्यात टाळ्या पडल्या, म्हणून मी खाली बसलो. भाषण झकास झालं असं मला वाटत होतं.

मी कोण, तेही सांगतो. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर माझी निम्मी हयात गेली. मग गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि बायको निवडून आली. तेव्हापासून गाव मला सरपंच म्हणतं, आणि तिला सरपंचांची मंडळी. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पहिल्या दिवशी जरा बरं वाटलं, दुसऱ्या दिवसापासून सवय झाली.

तर बाई शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघाल्या होत्या. देशातल्या मोठ्या नेत्याच्या पत्नी. वाटेत आमच्या गावात थांबून बचत गटाच्या बायकांना अर्धा तास भेटणार होत्या. त्यातली पाच मिनिटं बायकोने भांडून मिळवली होती. आमच्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप आहे. सिस्टरची बदली झाली आणि तिच्या जागी कुणी आलंच नाही. मागच्या उन्हाळ्यात वस्तीवरची एक सून राहुरीच्या वाटेवर रिक्षातच बाळंत झाली. बायको त्या रिक्षात होती, चादरीचा आडोसा धरून. त्यानंतर तिने किती अर्ज केले त्याला गणती नाही. आता ती हे थेट बाईंच्या कानावर घालणार होती. आठ दिवस भाकरी थापताना ती ते भाषण म्हणत होती. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. तेच बोललो असतो तरी काही बिघडलं नसतं.

माझ्यामागून शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. बंदोबस्ताचा साहेब स्टेजजवळ येऊन घड्याळ दाखवू लागला. सूत्रसंचालन करणारे गुरुजी गडबडले. बायको हातातला कागद उलगडत खुर्चीतून उठत होती, तेवढ्यात ते माईकवर म्हणाले, "वेळेअभावी आपण थेट आभाराकडे वळू या. सरपंच आत्ता बोललेच आहेत."

सरपंच, म्हणजे मी. बायको अर्धी उठली होती, ती परत बसली. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी मला मान डोलावून दाद दिली.

पण ती गप्प बसणारी नाही. बाई गाडीकडे निघाल्या तशी ती गर्दीतून वाट काढत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मागोमाग मी.

"ताई, सरपंच मी हाय. हे न्हाईत," ती म्हणाली आणि कागद पुढे केला. उपकेंद्राचं, रिक्षाचं, सगळं उभ्या उभ्या सांगितलं.

बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही आमच्या साहेबांबद्दल छान बोललात. मलाही त्यातलं बरंच माहीत नव्हतं." जरा थांबून म्हणाल्या, "मी लग्नानंतरसुद्धा बारा वर्षं शाळेत गणित शिकवलं. ते कुठल्याच स्टेजवर कुणी सांगत नाही."



"ह्या कागदाचं खरं सांगू का?" त्या बायकोला म्हणाल्या. "माझ्याकडे कसलंच पद नाही. दिवा लावायला, फीत कापायला मला बोलवतात. लोक कागद देतात, ते मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवते. मागच्या दौऱ्यातले अजून तिथंच आहेत."

"मंग तुमीच लावा की फोन एखाद्या साहेबाला."

"लावला होता एकदा दुसऱ्या गावासाठी. कोणत्या अधिकारात बोलताय, असं विचारलं. फार अदबीनं विचारलं."

त्यांनी कागद पर्समध्ये ठेवला. त्या गाडीत बसल्या, काच वर गेली, गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. मला चीड आली. जिच्या नुसत्या येण्यानं आमचा रस्ता एका दिवसात झाडून निघाला, तिच्या एका फोनची किंमत शून्य. गुरुजींचाही राग आला. पण कुठूनही सुरुवात केली तरी तो राग फिरून माझ्या अकरा मिनिटांवरच येऊन थांबत होता.

आम्ही घरी आलो. मी चपला काढता काढता म्हणालो, "यापुढं मी माईकला हात लावणार नाही."

"माइकाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सोमवारी मी नगरला झेडपीत चाललेय, नर्स मागायला. गाडी तुमी चालवा, पन हापिसात येऊ नगा. आन कुनी सरपंच म्हनून हाक मारली, तर म्हनायचं, मी डायव्हर हाय."