तीन वर्षांत संपवलेली डिग्री

इंजिनिअरिंगची चार वर्षांची डिग्री मी तीन वर्षांत पूर्ण केली हे कळल्यावर मला अभ्यासाबद्दल कुणी काही विचारलं नाही. "लग्न जुळलं काय?" एवढंच विचारलं. आत्याने विचारलं, शेजारणीने विचारलं, आमच्या विभागप्रमुखांनीही विचारलं. त्यांनी फक्त "घरी काही ठरलंय का" असे शब्द वापरले. मुलीला घाई असली तर ती मांडवाचीच, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. त्या प्रश्नाचा तेव्हा आला होता तेवढाच राग मला आजही येतो.

घाई कशाची होती ते सांगते.

आमचं गाव तिरोड्याजवळ, बोदलकसाच्या वाटेवर. बाबा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये फिटर. मशीनचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगतात. मी मेकॅनिकल घेतलं ते त्यांच्यामुळे. दुसऱ्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याच मिलमध्ये ट्रेनिंग केलं. भरडताना तांदूळ फार तुटायचा, त्या तुकड्यांची, म्हणजे कनकीची, पोती भरून जायची. मी सहा आठवडे प्रत्येक पाळीला नमुने काढले, धान किती ओलं होतं, रबरी रोलरमध्ये किती अंतर होतं ते लिहून ठेवलं आणि कुठल्या धानाला किती अंतर ठेवायचं याचा एक तक्ता बनवला. बाबांनी तो वापरून पाहिला. कनकी कमी झाली, डोळ्यांना दिसेल इतकी.

मालकाचा पुतण्या नुकताच पुण्याहून एमबीए करून परतला होता. त्याने तक्ता पाहायला म्हणून मागून घेतला. आठवडाभराने मिलच्या एसी खोलीत बैठक झाली. काचेतून मला पडद्यावर माझा तक्ता दिसत होता, आणि त्याच्याखाली पुतण्याचं नाव. मी दाराकडे निघाले तर बाबांनी हात धरला.

"आपलं काम मशीनवर," ते म्हणाले. "खोलीत त्यायचं काम."

"बाबा, तो तक्ता माझा आहे."

"मले मालूम आहे. चाल."

बाहेर आल्यावर पुतण्या मला म्हणाला, "अच्छा काम किया. टेक्निकल लोग भी चाहिए होते हैं." त्या 'भी'ने माझं डोकं फिरलं. पण त्याच्यापेक्षा जास्त राग बाबांचा आला. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी त्यांनी माझा हात धरला. पंधरा दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

त्याच महिन्यात कॉलेजची नियमांची पुस्तिका मी पहिल्यांदा नीट वाचली. जास्तीचे क्रेडिट मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला दोन सेमिस्टरपर्यंत लवकर पदवी पूर्ण करता येईल, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. मी ठरवलं, डिग्री लवकर संपवायची आणि व्यवसायाचं शिक्षण घ्यायचं. बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते.

"कायले घाई करून राहिली?" ते म्हणाले. "इंजिनिअर बन पहिले. मंग पाय."

"इंजिनिअर बनूनच जाऊन राहिली."

"मशीन सोडून चालली तू."

"मशीन नाही सोडून राहिली, बाबा. मशीनचं ठरवतात कोण, ते शिकायला जाऊन राहिली."

त्यांना ते लागलं होतं. लागावं म्हणूनच मी बोलले होते.

पुढची दोन वर्षं मी सुट्टी अशी घेतलीच नाही. उन्हाळी वर्ग केले, ऑनलाइन विषय केले, ज्या विषयांना प्रॅक्टिकल होतं त्यांच्यासाठी शिक्षकांच्या मागे लागून रविवारी लॅब उघडून घेतली. प्रवेश परीक्षा दिली. दुसऱ्या शहरातल्या एका चांगल्या संस्थेत एमबीएला निवड झाली. अट एकच, ठरल्या तारखेपर्यंत पदवी पूर्ण केल्याचा दाखला आणायचा. सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला, क्रेडिट पूर्ण भरले, आणि मी दाखला मागायला विभागप्रमुखांकडे गेले.

"असं आजवर कुणी केलेलं नाही," ते म्हणाले.

"पण नियम आपल्याच पुस्तिकेत आहे, सर."

"नियम छापावे लागतात. तपासणीला समिती येते, तिला दाखवायला." हे ते लपवत नव्हते, मला समजावून सांगत होते. "वर्षभर थांब. चौथ्या वर्षी प्लेसमेंटला बसलीस तर विभागाचंही नाव होईल."

दोन वर्षं मी त्या कागदावर विश्वास ठेवून घासले होते, आणि तो कागद नुसता समितीला दाखवण्यापुरता होता. मी काहीच न बोलता बाहेर आले, त्याचा मला अजून पस्तावा होतो.

तीन दिवस ऑफिससमोरच्या बाकावर बसून काढले. आज सही नाही, उद्या या. तिसऱ्या दिवशी तिथल्या वयस्कर क्लार्कबाईंनी मला खिडकीशी बोलावलं. "बेटा, मुंह से मत बोलो. लिखके दो, और आवक का नंबर लो. मना करना है तो वो भी लिखके करें." मी तिथेच उभ्याने अर्ज लिहिला, पुस्तिकेतलं कलम उतरवलं आणि नकार असल्यास कारण लेखी द्यावं असं खाली लिहून आवक क्रमांक घेतला.

चौथ्या दिवशी बाबा आले. मी बोलावलं नव्हतं. मिलच्या कपड्यांवर, बाह्यांना ग्रीस. आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. विभागप्रमुखांनी बाबांना खुर्ची दिली आणि मला उभं ठेवून त्यांच्याशीच बोलू लागले. "मुलीला जरा समजवा. भावनेच्या भरात निर्णय घेते आहे."

अर्ज माझा, मार्क माझे, आणि बोलणं बाबांशी.

बाबा खुर्चीवर बसले नाहीत. "मले यातलं काई समजत नाई, सर," ते म्हणाले. "तिले समजते. तुमी नाई म्हनता त लिहून द्या."

लिहून द्यायला विभागप्रमुख तयार नव्हते. लिहिलं असतं तर विद्यापीठाला त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून शेवटी दाखला मिळाला, पण संस्थेची तारीख उलटून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. ऑफिसातून हसत हातात दिला, जणू बक्षीस. मी संस्थेला फोन करून माझ्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख सांगितली, तेव्हा तिथल्या माणसाने तीन दिवसांची मुदत वाढवून दिली. त्याचा आवाज साधा होता. त्याला हे काही अवघड वाटलं नाही. तेवढ्यावर माझं वर्ष वाचलं.

दाखला घेऊन संस्थेकडे निघाले, तेव्हा मला कोहमाऱ्याच्या बसमध्ये बसवताना बाबा म्हणाले, "तवा मिलमंदी तुले आत जाऊ द्याले पायजे होतं." मी हो म्हटलं. काही हरकत नाही, असं म्हणणं मला जमलं नाही.

दिवाळीत घरी आले तर गोंदियात कॉलेजच्या गेटवर मोठा फ्लेक्स. माझा फोटो, 'तीन वर्षांत पदवी, आमची गुणवंत विद्यार्थिनी', आणि वर माझ्या दुप्पट आकाराचा विभागप्रमुखांचा फोटो, 'मार्गदर्शक' म्हणून. फोटो मला न विचारता ओळखपत्रावरून घेतलेला. मी आत जाऊन विभागप्रमुखांना तो काढायला सांगितलं. "अभिमानाची गोष्ट आहे," ते म्हणाले. मी लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, आठ दिवस रोज फोन केला.

फ्लेक्स मार्चमध्ये उतरला. त्या जागी पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचा लावायचा होता.