तिसरी तार

चहा निवू द्या, पण आधी हे ऐका. मेलेल्या भावाला दुसऱ्यांदा मारणारा माणूस कधी बघितलाय का तुम्ही? मग नीट बघून घ्या. तुमच्यासमोर बसून बशीतला चहा फुरकतोय तो.

हसू नका इतक्यात. हसायची जागा पुढं आहे. तिथं आमची आईसुद्धा हसली, मग तुम्हाला कोण अडवणार?

आमचा दादा, आनंद, गावातल्या दूध संस्थेत कॅन उचलायचा. पण ते पोटासाठी. त्याचा जीव आवाजात. जयंती असो, लग्न असो, ॲम्प्लिफायर आणि माइक दादाचा. दुसऱ्यांचे कर्णे गाढवासारखे ओरडायचे, दादाचा कर्णा माणसासारखा बोलायचा. "आवाज कसा धुतल्यावानी पायजे, सिध्या," म्हणायचा. गायचाही स्वतः, आणि गाणीही स्वतःच जुळवायचा.

सिध्या म्हणजे मी. सिद्धार्थ. चौथीतच शाळेला शेवटचा जयभीम घातला. डोकं फारसं चालत नाही, पण हात फार चालतात. दादाच्या सामानाला मी हात लावला आणि काही बिघडलं नाही, असं कधी झालंच नाही. त्यामुळं दादाचं माझ्याशी निम्मं बोलणं एवढंच असायचं, "हात लावू नको." आणि उरलेलं निम्मं, "लावलास ना?"

मागच्या दुष्काळात जनावरं आटली. संस्थेत दूधच येईना. रिकामे कॅन भिंतीला उपडे, आणि खोली अशी शांत की माशी उडालेली ऐकू यावी. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. दादा म्हणाला, "असली खोली परत मिळायची न्हाय. गाणी भरून घेऊ."

मुरुम गावचा एक माणूस आखातातून मोठा टेप घेऊन आला होता, दोन माइकवाला. तो मागून आणला. एका माइकाजवळ ढोलकी, दुसऱ्याजवळ पेटी, आणि बरोबर मधे दादा. ढोलकीवर बसप्पा. बसप्पा म्हणजे मुरुमचा किराणावाला, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि ढोलकीवर बसला की कुठलीच भाषा नाही, नुसते डोळे मिटलेले. दादाचा जिवाभावाचा दोस्त. आणि मी? मला दारात बसवलं होतं. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

त्याच आखातवाल्याकडून दादानं नंतर खिशात मावणारा टेप विकत घेतला. वॉकमन हो. वायर लावायची, कानात घालायची आणि एकट्यानं ऐकायचं. पहिल्यांदा ऐकून दादा उड्याच मारायला लागला. "एवढ्याश्या डबीत एवढा साफ आवाज! मोठ्या टेपात बी न्हाय. नुसतं तोंड बारीक हाय ह्याचं. ह्याला मोठं तोंड दिऊ."

मोठं तोंड कुठलं, माहितेय? घरातला रांजण! पाणी नसल्यानं कोरडा पडला होता. दादानं एक मोठा स्पीकर आणला आणि रांजणाच्या तोंडावर पालथा बसवला. त्याच्यापासून वायर ॲम्प्लिफायरला. आई ओरडली, "आरं, टँकर आला तर पाणी कशात भरू?"

"पाणी न्हाय तर न्हाय, आई. आवाज तरी भरू."

ॲम्प्लिफायरपासून वॉकमनपर्यंतची वायर तेवढी राहिली होती. ती जोडायच्या आधी उन्हाळ्यात दादाला कावीळ झाली आणि दादा गेला.

अजून त्याच्या चपला दारात आहेत. कुणी उचलत नाही.

आई रडली नाही. तेच वाईट. नुसती रांजणाला टेकून बसायची. तिच्या कानात वॉकमनची वायर घालायला गेलो, तर तिनं ओढून काढली. म्हणाली, "माझं लेकरू कानात नगं मला. घरात पायजे. यकडाव घरात बोलू दे त्याला."

झालं! मला तेवढंच पाहिजे होतं. मी भर वाड्यात उभा राहून सांगून टाकलं, "पुण्यानुमोदनाच्या दिवशी दादा घरात गाणार! समद्यांनी या!" बौद्धवाड्यात सांगितलं, वेशीत सांगितलं, बसप्पाला निरोप धाडला. वायर कशी जोडायची, हे कुणाला माहीत होतं? मला नाही. पण ते काय, नंतर बघू.

नंतर म्हणजे त्याच दिवशी सकाळी.

जोडायला पिन पाहिजे. पिन कुठाय? कानात घालायच्या वायरीला. मग ती वायर काय कामाची? आईला कानात नको, मलाही नको. केली कच्चकन दोन! पिनेचा तुकडा ठेवला, कानाचा फेकला कोपऱ्यात.

आता आत बघतो, तर तारा तीन. एक लाल, एक हिरवी आणि एक उघडीच, नुसती तांब्याची. ॲम्प्लिफायरला स्क्रू किती? दोन! तुम्हीच सांगा, चौथी शिकलेला माणूस काय करील? लाल एका स्क्रूखाली, हिरवी दुसऱ्या स्क्रूखाली. तिसरी ना रंगाची ना रूपाची. फालतू म्हणून मुळापासून कापून टाकली.

बटण दाबलं. रांजणातून ढोलकी अशी घुमली, अशी घुमली की फळीवरची भांडी थरथरली! वीज नव्हती, ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणलेली. ती उतरू नये म्हणून गाणं सुरू व्हायच्या आत बंद केलं. छाती मात्र दोन हात फुगली. दादा, बघ. हात लावला, आणि बिघडलं नाही!

दुपारी माणसं जमली. दादाचा फोटो, मेणबत्ती, पांढरी कापडं. त्रिशरण, पंचशील झालं. मग मी माइक हातात घेतला. माइक कशाला? घर ते केवढं, सगळी गुडघ्याला गुडघा लावून बसलेली! पण नाही, दादासारखं माइकवरून बोलायचं होतं ना मला. "आता आमचे दादा गाणार हैत. शांत ऱ्हावा." माइक ॲम्प्लिफायरवर ठेवला, तसाच, चालू. आणि टेप लावला.

ढोलकी घुमली. पेटी वाजली. आई सरळ होऊन बसली.

पेटी थांबली, ढोलकीनं जागा दिली, आणि... काहीच नाही.

नुसती ढोलकी. मग पेटी. मग परत जागा. परत काही नाही. लग्नात नवरदेवच नसावा आणि वरात पुढं चाललेली असावी, तसं.

"गाणारा कुठं हाय रं?" तात्या म्हणाले. तात्या आमचे चुलते. दुःखातही त्यांना गप्प बसता येत नाही.

"थांबा, येतोय," मी म्हणालो.

मागं फिरवून परत लावली. नाही. आवाज वाढवला. ढोलकी अशी आदळली की मेणबत्ती विझली. दादा नाही. कॅसेट उलटी केली. तिकडंही ढोलकी, तिकडंही पेटी. कान देऊन ऐकलं तर कुठंतरी लई खोल, आडाच्या तळातून कुणी हाक मारावी तसं काहीतरी. शब्द एक कळेना.

मागं बसलेली एक बाई पुटपुटली, "जाताना आवाज संगं नेला वाटतं."

"काय बोलती! आपन बुद्धाची मानसं, असलं काय मानत न्हाय," तात्या म्हणाले. आणि म्हणता म्हणता रांजणापासून हातभर मागं सरकले.

आई परत रांजणाला टेकली. फक्त एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाळा. गेलं ते गेलं."

ते "ऱ्हाऊ दे" माझ्या डोक्यात गेलं. कुणीतरी केलंय हे! कुणी? कॅसेटवर कोण शिल्लक आहे? ढोलकी! आणि दादा गेल्यावर कॅसेट मागून कोण घेऊन गेला होता? ढोलकीवाला! मी उठलो आणि सरळ बसप्पाच्या गचांडीला हात घातला.

"पुसलास ना दादाला? सोताची ढोलकी तेवढी ठिवलीस!"

बसप्पा बघतच राहिला. "एनप्पा हे? मी? आनंदाला पुसीन?"

"मग ढोलकी कामून एवढी खणखणीत?"

"मी वाजवलीच खणखणीत, त्याला काय करू!"

"कॅसेट तू नेली होतीस!"

"रडायला नेली होती रे, भाड्या! दुकानात बसून रडायला!"

माणसं मधे पडली. तात्या मला ओढतायत, बसप्पाच्या अंगरख्याचं बटण माझ्या मुठीत, आणि आमच्या मागं रांजणातून ढोलकी चालूच. असं ताल धरून भांडण तुम्ही कधी केलंय का?

तेवढ्यात वैनी, दादाची बायको, बोलली. दादा गेल्यापासून वैनी चारचौघांत बोललीच नव्हती, म्हणून सगळे गप्प झाले.

"भावजी, सोडा त्यांना. आवाज हुता. सकाळी हुता."

"तुमाला काय ठावं?"

वैनी खाली बघून म्हणाली, "म्या रोज ऐकते. भाकरी थापायच्या आदी. कानात घालून. बसप्पाभाऊंनी आणून दिल्यावर बी हुता. आज सकाळी बी ऐकला." मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "ते कानातलं कुठं हाय पर?"

मी कोपऱ्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. जाऊन तिनं तो कापलेला तुकडा उचलला. ओरडली असती तर बरं झालं असतं. पदरानं पुसला आणि मुठीत धरून उभी राहिली.

मग खाली वाकून आणखी काहीतरी उचललं. तांब्याची बारीक तार.

"आन् ही वो?"

"ती फालतू. जास्तीची हुती, म्हणून कापली."

बसप्पानं मान मोकळी केली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं गिऱ्हाईक खोटं नाणं देतं तेव्हा बघतो. "येडा हाईस का रे? कंपनीवाला फुकटची तार देतो व्हय? आमी पुडीला दोरा बी मोजून गुंडाळतो!"

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. मेणबत्ती विझलेली, फोटोतला दादासुद्धा माझ्याकडंच बघतोय.

मी ॲम्प्लिफायरपुढं बसलो. तार इतक्या मुळातून कापलेली की स्क्रूखाली जाईना. वायरीच्या टोकाला तांब्याचा चिमटीत न धरता येणारा ठिपका उरला होता. वायर वाकवली, तो ठिपका हिरव्या तारेच्या स्क्रूवर टेकवला आणि बोटानं दाबला.

घुंऽऽ झालं. खरखर झाली. आणि एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे, अगदी घरात, अगदी माझ्या कानामागं, धुतल्यासारखा स्वच्छ दादा कडाडला,

"सिध्या! त्या तारंला हात लावू नको!"

"न्हाय लावत, दादा!"

आणि मी बोट काढलं.

गेला! परत नुसती ढोलकी.

आणि माझं ते "न्हाय लावत, दादा" चालू माइकमधून, रांजणातून घुमून सगळ्या आळीला ऐकू गेलं, ते वेगळंच.

मग आई. महिनाभर न रडलेली, न जेवलेली आई रांजणाला धरून उभी राहिली आणि ओरडली, "लाव की रं हात, मुडद्या! लाव हात!"

कोण आधी हसलं, मला सांगता येणार नाही. आईच असावी. हसता हसताच तिचा हुंदका फुटला, आणि मग कोण हसतंय आणि कोण रडतंय, काही कळेना. तात्या हसता हसता डोळे पुसत होते आणि कुणी बघू नये म्हणून नाक शिंकरत होते. मी बोट दाबून बसलो आणि दादा गायला लागला. आई दोन्ही हात रांजणावर ठेवून बसली. म्हणाली, "हालतोय गं. आतून हालतोय."

मी बसप्पाकडं न बघता म्हणालो, "चुकलं माझं."

"ते असू दे," बसप्पा म्हणाला. "पर आता माझी ढोलकी कुठं गेली? बारीक झाली की रे! आता कुनाची गचांडी धरू?"

वैनी हसली नाही. ती मुठीतला तुकडा धरून दारात उभी होती.

नंतर आखातवाल्यानं समजावलं, ढोलकी एका तारेत, पेटी दुसरीत, आणि मधला दादा दोन्हींत सारखा; तिसरी तार नसली की दोन्हींतला तो सारखा आवाज एकमेकाला खाऊन टाकतो. बसप्पा म्हणतो, मुरुमवरून नवी वायर आणून देतो. मी म्हणतो, आण. तो आणत नाही, मीही आठवण करत नाही. आता सकाळी भाकरी थापायच्या आधी मी ॲम्प्लिफायरपुढं बसतो आणि तारेवर बोट दाबून धरतो. वैनी चुलीपाशी, आई रांजणापाशी. गाणी भरताना दादा माझ्यावर ओरडला होता, त्या जागेवर कॅसेट येते. मला माहीत असतं, आता ओरडणार. दात खाऊन बसतो. तरी दादा ओरडला की बोट आपोआप उडतं. जन्मात कधी त्याचं ऐकलं नाही, आणि आता हे!

मग चुलीपासून वैनीचा आवाज येतो,

"भावजी, बोट!"