शनी का थरथरला

‘भाऊजींनी दुर्बिणीचा आरसाच वाकडा घासला, म्हणून शनी थरथरत होता,’ असे माझे मेहुणे आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात. हे मला साफ अमान्य आहे. तो आरसा मी रामदासपेठेतल्या घरी चार महिने हाताने घासला होता. दोष हवेचा होता. मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी, झोपायला गच्ची थंड व्हावी म्हणून याच मेहुण्यांनी नागपूरच्या रिवाजाप्रमाणे तापलेल्या फरशीवर बादल्या ओतल्या, आणि त्यातून उठणाऱ्या गरम वाफेआडून आम्ही शनी पाहिला.

त्याच सुमारास अमेरिका अवकाशात दुर्बीण पाठवणार, अशी बातमी आली. मेहुणे म्हणाले, ‘इथून दिसून नाही राहिलं, तर वर जाऊन काय दिसन, भाऊजी?’

मी म्हणालो, ‘वर हवा नाही गा, अन् तुझी बादलीही नाही.’

घरभर हशा पिकला, तेही हसले.

पुढच्या माघात, कोरड्या थंड गच्चीवर, मी तोच आरसा पुन्हा लावला. शनीभोवतीचे कडे स्थिर दिसले, आणि ते सर्वांत आधी पाहून खाली अंगणात ओरडून सांगणारे माझे मेहुणेच होते.