पाळीचं दूध

तेरच्या तालमीत मी वस्ताद होतो तेव्हा पैलवानाचा खुराक गाव पुरवायचं. दुधाच्या पाळ्या लावलेल्या असत. आज या घरचं, उद्या त्या घरचं. पाळीचं दूध पैलवानानं नाकारायचं नाही, हा नियम. नाकारलं तर त्या घरानं म्हशीवरच डाग आला असं धरायचं, आणि मग वर्ष-वर्ष बोलणं बंद. मी स्वतः याच दुधावर वाढलो, त्यामुळं हा नियम कुणी मोडलेला मला खपत नसे.

निजामाची राजवट जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. धाराशिवला जिल्ह्याच्या निवड कुस्त्या ठरल्या, त्याही नव्या पद्धतीनं. तोवर आमच्याकडं जत्रेतल्या आखाड्यात पंच दोन पैलवान शेजारी उभे करत, डोळ्यांनी जोखत आणि जोड लावत. आता म्हणे काट्यावर उभं राहायचं, आणि ठरल्या वजनाच्या वर गेलं की घरी. मला हे सगळं वाण्याच्या दुकानातलं वाटलं, पण माझ्याकडं एक पठ्ठ्या असा होता की त्याच्यासाठी मी काहीही ऐकून घेतलं असतं. बावीस-तेवीस वर्षांचा, लग्न झालेला, चार एकर कोरडवाहूचा धनी. गावच्या, शेजारच्या, उमरग्याकडच्या आखाड्यातही त्याच्या पाठीला कधी माती लागली नव्हती. निवड झाली असती तर आमच्या तालमीतून जिल्ह्याकडून लढणारा तो पहिला ठरला असता. मला ते हवं होतं, आणि त्याच्याहून जास्त मलाच हवं होतं, हे आज कबूल करतो.

पंधरा दिवस त्यानं भाकरी अर्धी केली. आदल्या संध्याकाळी अडतीवरच्या काट्यावर उभा केला, तर वजन अगदी काठावर. “आता थुंकी गिळतानासुद्धा विचार कर,” मी म्हणालो. तो हसला.

सकाळी एस.टी.च्या थांब्यावर गावातली एक म्हातारी उभी. एकटी बाई, एक म्हैस, तिची पाळी पंधरवड्यातून एकदा यायची. एरवी तांब्या ती तालमीच्या दारात ठेवून जायची, त्या दिवशी मात्र थांब्यापर्यंत चालत आली होती.

“घे लेकरा. आज माझी पाळी हाय. उपाशी पोटी कुस्तीला जाऊ न्हाय.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. चारचौघं उभे होते. म्हातारीला काटा, वजन, गट हे काय समजावून सांगायचं? आणि दूध परत न्यायला लावायचं? तिची मान खाली गेलेली मला बघवली नसती. घोटभरानं काय होतंय, असं मनाला सांगून मी ‘घे’ म्हणून मान हलवली. तो घोटभर घेऊन थांबला नाही. रीतीप्रमाणं तांब्या पालथा करून दाखवला.

धाराशिवच्या मैदानावर बाहेरून आलेले पंच काट्याशी बसले होते. दांडी वर गेली ती खाली येईना. पावशेर जास्त.

“एक तास आहे. उतरलं तर उतरलं,” पंच म्हणाले.

मी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली आणि त्याला उन्हात पळवायला घेतलं. चैताचं ऊन, मैदानावर झाड नाही. पहिल्या चार फेऱ्या मी बरोबर पळालो, मग कडेला उभा राहून ओरडत राहिलो. घाम निथळत होता तोवर मला बरं वाटत होतं. अर्ध्या तासानं तो अडखळला.

“वस्ताद, एक चूळ भरू द्या.”

“न्हाय! पळ!”

अजून दोन फेऱ्या झाल्या आणि तो गुडघ्यावर आला. मी शिव्या घालतच गेलो. दंड धरून उठवायला लागलो, तर हात तापलेल्या तव्यावर पडल्यासारखा झाला. कातडी कोरडी. घाम आटला होता. डोळे उघडे होते, पण ते मला बघत नव्हते. मेला तर? त्याच्या बायकोला मी काय सांगणार होतो, पावशेर वजनासाठी मारला म्हणून?

घोंगडी फेकली, पाण्याची घागर ओढली आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला. तेवढ्यात त्याला शुद्ध आली आणि त्यानं हातानं तांब्या ढकलला.

“नको, वस्ताद. मग संपलं सगळं.”

“संपू दे,” मी म्हणालो आणि बळंच पाजलं. तो पाणी पीत होता आणि रडत होता. मीही रडलो. पुढं काट्याकडं आम्ही गेलोच नाही.

परतीच्या एस.टी.नं गावी उतरलो. थांब्यावर तालमीतली माणसं हलगी घेऊन उभी होती, आणि पुढंच म्हातारी.

“काय झालं रं?”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण माझ्याआधी तोच बोलला.

“पाठ लागली, आजी. समोरचा लई भारी निघाला.”

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. ज्याची पाठ कुणी लावली नव्हती, त्यानं ती भर थांब्यावर स्वतःच्या तोंडानं लावून घेतली. मी वस्ताद, आणि मी गप्प उभा राहिलो.

म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “माझंच दूध कमी पडलं व्हय रं? पुढल्या पाळीला जास्ती आणते.”

पंधरा दिवसांनी तिनं दोन तांबे आणले. दोन्ही त्यानं उभ्या-उभ्या रिकामे केले आणि पालथे करून तिला दाखवले.

म्हातारी गेली, तालीमही पडली. त्या साली धाराशिवला त्याची पाठ लागली होती, असं गावात अजून सांगतात. लागली नव्हती. तो आखाड्यात उतरलाच नव्हता, आणि थांब्यावर दूध घे म्हणून मान मी हलवली होती.