पाय खाली, हात गप्प

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या कोणालाही विचारा, रेगे नावाचा परदेशी ताल मॅडम शिकवत नाहीत असं ते सांगतील. त्याच्याच जातीचा तो ‘स्का’, तोही नाही. का नाही, हे आजपर्यंत माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही — नवऱ्यापुढे नाही, आईपुढे तर नाहीच. मुलांना मी म्हणते, त्यात काय आहे, दोन कॉर्ड घ्यायचे आणि हात उडवायचा, घरी बसून जमेल. हेसुद्धा खोटंच. पण ते बारीक खोटं. मोठं वेगळं आहे, आणि तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागणार आहे.

आधी तो ताल काय असतो ते सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. आपल्याकडे भजन असो की लग्नातला बँड, टाळी जिथे पडते तिथेच जोर. रेगेमध्ये गिटारवाल्याने नेमकं तिथे गप्प बसायचं. दोन टाळ्यांच्या मधल्या फटीत ‘चक्’ करून वाजवायचं, आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडून तो आवाज तोडायचा. स्का म्हणजे साधारण तेच, पण धावत धावत. ऐकायला किती सोपं! आणि वाजवायला बसलात, की हात आपला आपण टाळीवर जाऊन पडतो. नागपूरच्या महाल भागात आरत्यांना टाळ्या वाजवत मोठी झालेली मी — माझा हात दुसरीकडे कुठे जाणार होता?

मला ते शिकवलं मंगेशने. मंगेश आमच्या बँडचा ड्रमर, उमरेडचा. घरी हातमाग होता, तो कधीचाच बंद पडलेला; हा आयटीआय करत होता आणि सरावासाठी एसटीने नागपूरला यायचा. आम्ही चौघं होतो. आशिष गायचा आणि सगळ्यांवर दादागिरी करायचा, बेस गिटारवर त्याचा चुलतभाऊ, ड्रमवर मंगेश, गिटारवर मी. आशिषच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती. उन्हाळ्यात कूलर लावला तर काही ऐकू यायचं नाही, बंद केला तर जीव जायचा. बाकीचे दोघं खाली पाणी प्यायला पळायचे. मंगेश मात्र माझ्यासमोर बादली पालथी घालून बसायचा आणि त्याच्यावर ठेका धरायचा. “पाय खाली गेला का हात गप्प. पाय वर आला का वाजव. घाई काहून करून राहिली वं?” टाच जमिनीवर आपटायची आणि ती उचलली गेली की तार छेडायची. टाच आणि तार, दोघींची भेट होऊ द्यायची नाही — एवढंच. एवढंच जमायला माझा अख्खा उन्हाळा गेला. आशिष वैतागायचा. मंगेश कधी वैतागला नाही.

आता त्या संध्याकाळकडे येते.

वर्धा रोडवरच्या एका हॉटेलला दर शनिवारी वाजवायला बँड हवा होता. आमचं वाजवणं ऐकून बघायला त्यांनी आम्हाला बोलावलं. मॅनेजर समोर बसलेला, आम्ही चौघं इस्त्रीचे कपडे घालून उभे. नागपुरात तेव्हा असलं काही वाजवणारं दुसरं कोणी नव्हतं. आमच्या दृष्टीने ते हॉटेल म्हणजे सगळंच होतं. पहिलं गाणं छान गेलं. दुसरं आमचं स्वतःचं — आशिषने लिहिलेलं, मध्ये सगळ्यांनी थांबायचं, एक श्वास घ्यायचा आणि पुन्हा एकदम सुरू व्हायचं.

सुरू झालो. आणि काहीतरी बिनसलं. ड्रमने गचका खाल्ला, बेस मागे राहिला, आशिष गाता गाता थांबला आणि वळून मंगेशकडे बघायला लागला. मॅनेजरही मंगेशकडेच बघत होता. ताल चुकला की लोक ड्रमवाल्याकडे बघतात. गिटारवालीकडे कोण बघतं?

मी खाली बघत होते. माझ्या पायाकडे. टाच आणि तार एकदम पडत होती.

श्वास घेऊन मी अर्धी मात्रा आधी आले होते — आमच्या भाषेत, पळाले होते. मग ‘चक्’ फटीत न पडता बरोबर टाळीवर पडायला लागला. मंगेशला ते त्याच क्षणी कळलं असणार, कारण त्याने काय केलं ठाऊक आहे? तो माझ्या मागे आला. गाणं कोसळू नये म्हणून स्वतःचा बरोबर ठेका सोडून माझ्या चुकीच्या हाताखाली आपला ड्रम सरकवला. सगळ्यांना ऐकू आला तो गचका म्हणजे मंगेशचं मला सावरणं होतं. आणि मी — घाबरून पुन्हा मूळ जागेवर उडी मारली. तो बिचारा तिथे एकटाच राहिला.

बाहेर पार्किंगमध्ये आशिषने विचारलं, “काय झालं बे, मंग्या?” मंगेश गोंधळला होता. आपला हात हलला हे त्याला ठाऊक होतं. आधी कोण हललं, एवढंच त्या गडबडीत त्याला नक्की सांगता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. आरोप नव्हता हो त्या बघण्यात. तो विचारत होता. मी वायर गुंडाळत होते. आणि मी गप्प बसले.

नाही. थांबा. गेली कित्येक वर्षं मी स्वतःलाही हे असंच सांगत आले — मी गप्प बसले. गप्प बसणं त्यातल्या त्यात बरं दिसतं ना? मी गप्प बसले नव्हते. मी बोलले. वायर गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता, अगदी सहज म्हणाले, “तू मधातच पळाला नं गा.”

झालं. एवढंच वाक्य.

मंगेश एकदम म्हणाला, “हो का? असन मंग.” त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मला ताल त्यानेच शिकवला होता. हॉटेलवाल्याने निरोप दिला, ड्रमर बदला आणि या. आशिषने ड्रमर बदलला. आम्ही दोन हिवाळे तिथे वाजवलं, लोक मला ओळखायला लागले, माझे क्लास त्या ओळखीवरच उभे राहिले. मंगेश सुरुवातीला आशिषला फोन करायचा, मी सराव करून राहिलो म्हणायचा, रबराच्या पॅडवर. जी चूक त्याच्यात नव्हतीच ती तो दुरुस्त करत बसला होता. नसलेली चूक दुरुस्त कशी होणार? पुढे फोन बंद झाले. ड्रम त्याने कोणाला तरी देऊन टाकला.

मी तसं का केलं? एक कारण मी बरीच वर्षं सांभाळून ठेवलं होतं. बँडमध्ये मी एकटीच मुलगी, माझं चुकलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, पोरीला गिटार दिली. म्हणाले असतेही. पण पार्किंगमध्ये ते माझ्या डोक्यात नव्हतं. मला ते हॉटेल हवं होतं. बस.

मंगेश आता मौद्याला असतो, वीज प्रकल्पात कंत्राटावर कामाला. संबंध तुटले नाहीत, हीच तर पंचाईत. गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला त्याने बोलावलं. जेवणं झाल्यावर कोणीतरी ढोलकी काढली आणि त्याच्यापुढे सरकवली. त्याने हसत हसत ती परत सरकवली. “नाही बा, माह्या हातात ताल नाही. हिले विचारा, हिनं पाह्यलं आहे.”

सगळे माझ्याकडे वळले. मुलगीसुद्धा. मी मान डोलावली आणि रसगुल्ला खाल्ला.

त्या रसगुल्ल्याची मला अजून शिसारी येते. घरी आल्यावर मी ठरवलं. नुसतं सांगून चालणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मंगेशला मी ओळखते. तो म्हणेल, जाऊ दे वं, काहून समजूत काढून राहिली माही? आणि ढोलकी तिथेच राहील. त्याला पटेल ते त्याच्या कानांनीच.

म्हणून मी पुन्हा शिकायला बसले. रोज, क्लासची मुलं गेली की. मोबाइलवर ठोका लावायचा, टाच आपटायची, हात गप्प. टाच वर, हात. पहिला महिना शरमेत गेला, नुसती खडखड. पण उठले नाही. आधी आमचं ते गाणं बरोबर बसवलं. मग त्याहून कठीण काम होतं — ती चूक बसवायची होती. नेमकी तीच. थांबायचं, श्वास घ्यायचा, अर्धी मात्रा आधी यायचं, तशीच वाजवत राहायचं आणि घाबरून परत उडी मारायची. आता हात बरोबर पडायला शिकला होता, तो चुकायला तयार होईना. मीही सोडलं नाही. त्या संध्याकाळी जे नकळत झालं ते आता मला हवं तेव्हा वाजवता येतं.

उद्या रविवार आहे. मंगेशला फोन केला आहे, येते म्हणाले. गिटार घेऊन येते, हेही सांगितलं. तो म्हणाला, “ये नं. पोरगी खुश होईन.” मुलगी समोर असेल, हे बरंच झालं. तिच्यासमोरच मी मान डोलावली होती.

आधी बरोबर वाजवीन. मग त्या संध्याकाळसारखं, चुकीचं. त्याला दुसऱ्यांदा ऐकावं लागणार नाही. नंतर तो दार दाखवेल, हसेल, की कधीच बोलणार नाही, ते त्याचं तो ठरवेल. मला फक्त एक वाक्य बोलायचं आहे. मान वर करून, वायर न गुंडाळता. “मंगेश, तू बरोबर होता. मी पळाली होती.”