म्हाताऱ्या मांजरीची तालीम

आमच्या मांजरीला चौदावं वर्ष लागलं तेव्हा ती एकाएकी पाणी फार प्यायला लागली आणि पाठीचा कणा हाताला लागू लागला. धुळ्याला आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर प्राण्यांचा दवाखाना आहे. म्हटलं, जाऊन येऊ. त्यात काय अवघड?

प्लास्टिकचा पिंजरा माळ्यावर होता. तो खाली काढताना नुसता खडखडला आणि मांजर फ्रिजमागे गेली. मी नवऱ्याचा रेनकोट अंगात घातला, हातांना टॉवेल गुंडाळले आणि अर्ध्या तासाने तिला शेपटीकडून आत ढकललं. माझे सासरे, म्हणजे आबा, सोफ्यावर बसून हे बघत होते. पिंपळनेरजवळच्या गावाहून ते आमच्याकडे राहायला येऊन वर्ष झालं होतं. मांजर उंदरांसाठी असते, तिला दवाखाना कसला, असं त्यांचं ठाम मत.

"तिले कसाले कोंडस बेटा?" ते म्हणाले. "आपोआप बरी व्हयी जाई."

रिक्षात तिने असा गळा काढला की रिक्षावाल्याने मागे न बघताच विचारलं, "ताई, बाळ आजारी आहे का?" दवाखान्यात आमच्या एका बाजूला शेळी होती, दुसऱ्या बाजूला कमरेएवढा कुत्रा. तपासायची वेळ आली तर ती पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटून बसली. शेवटी पोत्यातून बटाटे ओतावेत तशी तिला टेबलावर ओतली. तिने टेबल ओलं केलं, मला ओरबाडलं आणि डॉक्टरीणबाईंच्या बाहीला लोंबकळली.

घरी आल्यावर दोन दिवस ती दिवाणाखालून निघाली नाही. मी हाक मारली की गुरगुरायची. आबांनी बोलावलं की मात्र नाक बाहेर काढायची. आबांच्या चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्याचा भाव होता.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला म्हणून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. किडनी थकली आहे, खाणं बदलायचं, दर तीन महिन्यांनी दाखवायला आणायचं. रक्तदाबही खूप वाढलेला दिसला. "पण तो आजाराने वाढलाय की भीतीने, हे मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तिला शांत ठेवून आणता येईल का? विनाकारण गोळी सुरू करायला नको वाटतं."

त्यांनी उपाय सांगितला तो असा. पिंजरा माळ्यावर ठेवायचाच नाही. बैठकीत, दार उघडं ठेवून, घरातल्या पाट-खुर्चीसारखा पडू द्यायचा. आत तिचा वास लागलेलं कापड घालायचं, खाणं तिथेच द्यायचं. घाई करायची नाही.

मी टीव्हीशेजारी पिंजरा मांडला आणि आत तिच्या नव्या खाण्याचे चार दाणे ठेवले. आठवडाभर तिने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एका दुपारी पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, अशी ताणून ती दाणे खाऊन गेली. देवळात शिरताना चपलांवर डोळा ठेवणाऱ्या माणसासारखी.

काम खरं पुढे नेलं ते आबांनी. मला न विचारता त्यांनी स्वतःचं जुनं उपरणं आत अंथरलं आणि पिंजऱ्याजवळ सतरंजी टाकून पेपर वाचायला बसू लागले. बातम्या मोठ्याने वाचायची त्यांना सवयच होती. चाळीसगावच्या कापसाचे भाव ऐकत ऐकत एक दिवस मांजर आत जाऊन झोपली. मी टाळी वाजवणार होते. आबांनी ओठांवर बोट ठेवलं.

पुढे दार मिनिटभर लावायचं, उघडायचं, दाणा द्यायचा. नंतर पाच मिनिटं. नंतर पिंजरा उचलून गच्चीपर्यंत फेरी. मग आली रिक्षाची पाळी. आबा पिंजरा मांडीवर घेऊन बसले, वरून टॉवेल झाकलेला.

"कुठे जायचंय?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कुठंच नाही," मी म्हटलं. "कोपऱ्यापर्यंत न्या आणि परत आणा."

त्याने आरशातून माझ्याकडे, आबांकडे आणि टॉवेलकडे आळीपाळीने पाहिलं. चौथ्या वेळी आम्ही पांझरा नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो, तोवर तो स्वतःच खड्डे चुकवायला लागला होता.

खऱ्या दिवशी आम्ही सकाळची पहिली वेळ घेतली. आत गर्दी आहे का ते विचारून, खोली रिकामी होईपर्यंत रिक्षातच थांबलो. टेबलावर गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी पिंजऱ्याच्या कड्या काढल्या आणि वरचं अर्धं झाकण अलगद उचललं. मांजर खालच्या अर्ध्या भागात उपरण्यावर तशीच बसून राहिली. त्यानंतर बाईंनी काहीच केलं नाही. दूर खुर्चीत बसून कागद चाळत राहिल्या. मांजरीचे कान आडवे, डोळे मोठे.

आबा तिला धीर द्यायला वाकले. "घाबरू नको माय. मी आठेच शे. बठ्ठं नीट व्हई."

आणि ते तिला कापसाचे भाव सांगू लागले. पेपर बरोबर नव्हता, भाव मनाचेच होते. हळूहळू तिचे कान वर आले. बाईंनी शेपटीच्या मुळाशी छोटासा पट्टा गुंडाळला, दोन-तीनदा रक्तदाब मोजला आणि मान हलवली. "ठीक आहे की! मागच्या वेळी घाबरली होती बिचारी." गोळी टळली. रक्त काढताना एकदा फिस्स झालं, तेवढंच.

किडनी काही तरुण होणार नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यानंतर आमच्या तीन फेऱ्या झाल्या. मधली एक पार बिघडली, कुणाचा तरी कुत्रा पट्टा सोडवून थेट आमच्या टॉवेलवर भुंकला, आणि आम्हाला पुन्हा चार दाण्यांपासून सुरुवात करावी लागली. आबांनी पुन्हा सतरंजी टाकली आणि पेपर उघडला.

परवा त्यांचा गावी फोन चालू होता. पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ असावेत, तब्येतीची चौकशी चालली असावी. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते.

"मन्हं काय रे," आबा सांगत होते, "गोळ्या चालू शेत. पण आमनी मांजरनं बीपी दख. एकदम फर्स्ट क्लास!"