चष्मेवाल्या काकांची भिंत

मी वाचायचा चष्मा करायला गेले आणि पोहण्याच्या क्लबची सदस्य होऊन परत आले. यात माझा काही दोष नाही. चष्मेवाले काका गिऱ्हाइकाची हनुवटी त्या तपासायच्या मशिनवर टेकवायचे, कपाळ पट्टीला लावायला सांगायचे, आणि माणूस असा जागच्या जागी अडकला की विचारायचे, "पोहता येतं का?" हो म्हटलं तरी फसलात, नाही म्हटलं तरी फसलात. "नाही? अरे वा, मग शिकवू की! उद्या सकाळी लवकर या." डोळ्यात झगझगीत दिवा सोडलेला असताना माणूस भांडणार तरी कसा?

काका स्वतः पन्नाशीनंतर पोहायला शिकले, तेही डॉक्टरांनी गुडघे बघून चालणं बंद करायला सांगितलं म्हणून. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून "हे बरं दिसतं की हे?" विचारायचं, मग काचा घासायच्या, फ्रेमांचे बारके स्क्रू पिळायचे, हे त्यांचं काम. दुकानात दुसरं कुणी नाही. काकू गेल्यापासून घरीही नाही. पोहण्यात वेग म्हणाल तर आनंदच होता. पाण्यात हात असा अलगद टाकायचे की जणू काउंटरवर काच ठेवताहेत. पण चिकाटी दांडगी.

क्लब सुरू झाला तेव्हा काका, एक पार्लरवाली आणि एक पोस्टमन, एवढीच माणसं होती. पोहण्याचा तलाव सकाळी रिकामा असायचा म्हणून व्यवस्थापकाने एक लेन दिली होती. पुढे काकांच्या मशिनने आसपासच्या निम्म्या चाळिशी लागलेल्यांना पाण्यात ढकललं. एका लेनच्या चार लेन झाल्या, आणि कपडे बदलायच्या खोलीत खुंट्या पुरेनाशा झाल्या.

आमची एक रीत होती. पोहून भिंतीशी पोचायला काका नेहमी शेवटी असायचे. चष्म्याशिवाय समोरची भिंत दिसत नाही, एकदा डोकंही आपटलंय, असं त्यांनी फार पूर्वी सांगितलेलं. म्हणून आपलं पोहणं संपलं तरी कुणी वर चढायचं नाही. भिंतीशी उभं राहून तळहातांनी पाणी बडवायचं, म्हणजे काका आवाजाच्या रोखाने येतात. ते येईपर्यंत गप्पा. कुणाची सून, कुणाचा साहेब, कुणाची मणक्याची गादी. पार्लरवालीच्या मुलीचं लग्न मोडल्याचं आम्हाला तिथेच कळलं. पोस्टमनच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात बसायच्या पाळ्याही तिथेच ठरल्या.

या प्रकाराला वैतागलेला एकच माणूस होता, तो म्हणजे बंबवाला. अग्निशमन दलात नोकरीला, आमच्यात सगळ्यात तरुण आणि खराखुरा पोहणारा. "आपण इथे पोहायला येतो की पाण्याला मारायला?" असं रोज कुरकुरायचा. आणि कुरकुरत का होईना, बडवायचा.

त्यानेच प्रौढांच्या स्पर्धेची टूम काढली. त्यात चौघांची रिले असते, दोन बायका, दोन पुरुष, आणि चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो. वरच्या गटात संघ थोडे. पण आमची बेरीज तिथवर न्यायची तर काका हवेतच.

"काका असले तर गट मिळेल," बंबवाला काकांच्या तोंडावर म्हणाला, "पदक विसरा."

मला इतका राग आला! काका मात्र टॉवेल पिळत म्हणाले, "खरं आहे. पण मी येतो."

त्या दिवसापासून ते सगळ्यांच्या आधी येऊन पोहू लागले. माझं लाँड्रीचं दुकान आहे. शर्ट टाकायला आले तेव्हा मला म्हणाले, "हरलो तर हरलो गं. फक्त माझ्यामुळे नको."

स्पर्धेत आधी पार्लरवाली, मग मी, मग बंबवाला, शेवटी काका असा क्रम होता. आम्ही दोघींनी जेमतेम लाज राखली. बंबवाल्याने मात्र सगळ्यांना मागे टाकलं. काकांनी उडी मारली तेव्हा आम्ही पहिले होतो. एक जण त्यांच्या पुढे गेला, मग दुसरा गेला. तिसरा नंबर अजून हातात होता. क्लबचं पहिलंवहिलं पदक! आणि भिंत अगदी जवळ आली असताना काकांनी मान वर काढली, वेग मोडला आणि ते दोरीकडे सरकले. शेजारच्या लेनमधला जवळ येत होता.

"अरे, त्यांना भिंत दिसत नाहीये!" पार्लरवाली किंचाळली.

बंबवाल्याने पाण्यात उडी टाकली आणि जिवाच्या आकांताने पाणी बडवायला लागला. काका आले, तिसरे आले, आणि शिट्टी वाजली. सगळे संघ पोहून होईपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही, असा नियम आहे. आमचा संघ बाद झाला.

बंबवाला ओल्या अंगाने काकांच्या बाकाशी येऊन उभा राहिला. "काका, चुकलं. सवयीने उडी पडली."

काकांनी वर पाहिलं नाही. डोळ्यांवरचा पोहायचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला. "लावून बघ."

त्याने लावला आणि भेलकांडला. "गरगरतंय! याला तर नंबर आहे!"

"माझाच आहे. मीच करून घेतलाय. झाली की बरीच वर्षं."

चष्म्याच्या दुकानदाराला पोहायचा चष्मा नंबरचा करून घेता येतो, हे आमच्यातल्या एकाच्याही टाळक्यात कधी आलं नव्हतं.

"मग मान कशाला वर काढलीत?"

"शेजारचा किती मागे आहे ते बघत होतो."

माझा पाराच चढला. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही वेड्यासारखे पाणी बडवत होतो? आणि तुम्ही मजा बघत होतात?"

काका टॉवेलात तोंड घालून बसले होते. "सुरुवातीला मी भिंतीशी यायचो तेव्हा तिथे कुणी नसायचं. सगळी अंग पुसून घरी गेलेली. एक दिवस सांगितलं, मला दिसत नाही. तेव्हा खरंच दिसत नव्हतं. तर सगळी थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबली. मग चष्मा झाला, पण सांगवेना." त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. "शेवटी पदक माझ्यामुळेच गेलं."

बंबवाल्याने तो चष्मा काढून पुसला. "काका, नुसतं थांबा म्हणायचं होतंत."

"थांबला असतास?"

समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं बंबवाल्याला जमत नाही. त्याने खरंच विचार केला.

"नाही," तो म्हणाला.

हाच प्रश्न काकांनी आम्हा बाकीच्यांना विचारला नाही, ते बरंच झालं.